नकार विलगीकरणात

"मला माझं घर विकायचं नाही. आधी हो म्हटलं होतं, ते मी मागे घेते आहे. कुमुद दिवाकर उमाठे."

एवढाच निरोप. सकाळचा चहा झाल्यावर कुमुदनं तो बोलून घर घेणाऱ्या कंपनीला पाठवला आणि मोकळी झाली. उत्तर काय येतं म्हणून दुपारी बघितलं, तर निरोप घराबाहेर पडलाच नव्हता. भिंतीवरच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक नारिंगी ठिपका होता आणि त्याच्याखाली लिहिलेलं होतं, विलगीकरणात.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"कुमुदताई, हा निरोप तुमच्यासारखा वाटत नाही," निर्धास्त म्हणाला. त्याचा आवाज दवाखान्यातल्या चांगल्या नर्ससारखा होता, कधी चढायचा नाही. "घराच्या बाबतीत घाईघाईत काही होऊ नये, म्हणून तो बाजूला ठेवला आहे. निनादना कळवलं आहे."

"पण तो मीच पाठवला आहे."

"हो, आवाज तुमचाच आहे. निर्णय तुमचा वाटत नाही."

कुमुदनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. सदतीस वर्षं तिनं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. मुलांनी वाट्टेल तसे प्रश्न विचारले तरी तिला शब्द सापडले नाहीत असं कधी झालं नव्हतं. आज मात्र आपल्याच घरात, आपल्याच भिंतीला काय उत्तर द्यावं ते तिला कळेना.

निर्धास्त हा अँटीव्हायरस. बाजारातून वेगळा आणून घरच्या संगणकावर बसवलेला. त्याची मुळात गरज होती का, यावर या घरात एकदा वाद झाला होता, आणि तोही दिवाकररावांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. पाहुणे पांगले होते, उरलेले लाडू कुणाकडे द्यायचे ते ठरत होतं, आणि निनादचं ॲमस्टरडॅमचं विमान संध्याकाळी होतं. निघण्याआधी आईची काहीतरी सोय लावली पाहिजे, या एका विचारानं तो घरभर फिरत होता.

खालच्या मजल्यावरचे वसंत फुलझेले खुर्च्या परत न्यायला म्हणून आले होते. वीज कंपनीच्या संगणक विभागात जन्म काढलेला माणूस. यंत्राबद्दल मत विचारलं नाही तरी द्यायचे.

"संगणकासोबत राखणदार येतेच नं," ते म्हणाले. "चांगला आहे तो, आपला आपण नवा होत राहते. त्याच्यावर बाहेरचा आणखी कायले पाहिजे? एका दारात दोन राखणदार उभे केले का ते चोराकडे कमी आन् एकमेकांकडेच जास्त पाहतात. शिवाय घराची किल्ली तिसऱ्याच्या हातात."

"काका, तो राखणदार संगणकाला सांभाळतो," निनाद म्हणाला. "आईला कोण सांभाळणार?"

फुलझेल्यांनी खुर्च्या उचलल्या. निनादचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

फार पूर्वीचे अँटीव्हायरस साधे होते. पोलीस चौकीत चोरांचे फोटो लावतात, तसे त्यांच्याकडे ठाऊक असलेल्या विषाणूंचे ठसे असत. ठसा जुळला की धरायचं. चोर रोज तोंड बदलू लागले तेव्हा तोंड बघणं सोडून वागणं बघायला सुरुवात झाली. हिशेब करणारा प्रोग्राम अचानक कॅमेरा उघडायला लागला, तर त्याचं नाव काही का असेना, त्याला उचलून बाजूला ठेवायचं. त्या ठेवण्याला विलगीकरण म्हणायचे. ही युक्ती इतकी छान चालली की चोरांनी संगणकाचा नादच सोडला. ते माणसाकडे वळले. मुलाचा आवाज, नातीचा चेहरा, पोलिसाचा गणवेश, सगळं हुबेहूब करून ते फोनवर येत, आणि घाबरलेला माणूस आपल्या हातानं दार उघडून देत असे. प्रोग्राममधलं भोक बुजवता येतं, घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाचं काय करणार? तेव्हा निर्धास्तसारख्या कंपन्यांनी जे प्रोग्रामला केलं होतं तेच माणसाला केलं. माणसाचं नेहमीचं वागणं शिकून घ्यायचं, आणि त्याच्या बाहेरचं काही तो करू लागला की त्याच्या विश्वासू माणसानं बघेपर्यंत ते विलगीकरणात ठेवायचं. यात खरोखर हजारो लोक वाचले. निनादच्या चिन्या नावाच्या मित्राचे वडीलही वाचले होते.

कुमुदला विचारलं तेव्हा ती दिवाणावर भिंतीला टेकून बसली होती. तिनं प्रश्न ऐकला की नाही कुणास ठाऊक. "तू म्हणशील तसं," एवढं म्हणाली. विश्वासू माणूस म्हणून अर्थातच निनादचं नाव गेलं.

आता गंमत अशी की निर्धास्तला माणूस शिकायला एक वर्ष लागायचं. कंपनी ही गोष्ट अभिमानानं सांगायची. बाकीचे म्हणे महिन्याभरात शिकतात आणि दिवाळी आली की गोंधळतात. आमचा सबंध वर्ष बघतो, त्यामुळे तुमचे सगळे सणवार त्यात येतात. ज्या घरातला माणूस गेला त्या घरात वर्षभर सणच करत नाहीत, हे कंपनीत कुणाच्या डोक्यात आलं नसेल. पण निनादच्याही आलं नाही, आणि तो तर याच घरात वाढलेला.

त्या वर्षी गणपती दिराकडे बसले. दिवाळीला कंदील लागला नाही, कढई चढली नाही. नणंदेनं पाठवलेली चकली डब्यातल्या डब्यात मऊ पडली. संक्रांतीला कुणी आलं नाही आणि कुमुद कुणाकडे गेली नाही. पाडव्याला गुढी नाही. ती दिवसा झोपायची, रात्री जागायची, दोन्ही वेळेला वरणभात खायची आणि दिवाकररावांच्या जागेकडे तोंड करून बसायची. निनादचे फोन यायचे. औषध बदलू या का आई? तू म्हणशील तसं. ते हिरवे पडदे काढून टाकू का? तू म्हणशील तसं. नागपूरचं घर काढून टाकू या, पुण्याला ज्येष्ठांची छान वसाहत आहे, चोवीस तास डॉक्टर असतात, तू एकटी आहेस म्हणून मला झोप लागत नाही. तू म्हणशील तसं. यातलं शेवटचं उत्तर घर घेणाऱ्या कंपनीकडे संमती म्हणून नोंदलं गेलं. मुहूर्त म्हणून पुढच्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेचा दिवस ठरला. त्या दिवशी घरचा संगणक शेवटचा होकार देणार होता.

निर्धास्त हे सगळं मन लावून शिकत होता. वर्षश्राद्ध झालं, त्याच सुमारास त्याचंही शिक्षण पुरं झालं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. 'कुमुदताई, आता आम्ही तुम्हाला पूर्ण ओळखतो.'

आणि मग कुमुद बरी होऊ लागली. पंचाईत इथून सुरू झाली.

पहिल्यांदा तिच्या हे लक्षात आलं दिवाळीच्या तोंडावर. तिनं रवा, बेसन, तूप आणि एक मोठा कंदील मागवला. कंदील आला नाही, रवाही आला नाही. चौकशी केली तर कळलं की रवा विलगीकरणात आहे. दोन्ही वेळेला वरणभात खाणारी बाई एकाएकी एवढं तूप मागवते म्हणजे तिच्या नावावर दुसरंच कुणी सामान उचलत असणार, असा निर्धास्तचा अंदाज. कुमुद त्या दिवशी इतकी हसली की तिला ठसका लागला. निनादनं तिकडून सोडवला तेव्हा रवा आला. फुलझेल्यांना लाडू देताना तिनं सांगितलं, "खा, क्वारंटाइनमधून सुटून आले आहेत."

पुढं हसण्यासारखं राहिलं नाही. ती फुलझेल्यांकडे कॅरम खेळायला जाऊ लागली. कॉलेजात असताना ती विद्यापीठाकडून खेळलेली, हात अजून बसलेला होता. ती, फुलझेले आणि त्यांच्या सौ. असे तिघं चौथ्या गड्याची वाट न बघता खेळत बसायचे. तिनं पहाटे फुटाळा तलावावर चालायला जायला सुरुवात केली. संख्याशास्त्राचं अर्धवट राहिलेलं पुस्तक पुन्हा उघडलं. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर पडद्यावरचा एक आकडा खाली उतरत होता. त्या आकड्याला 'साम्य' असं नाव होतं. आजची कुमुद किती कुमुदसारखी आहे, ते त्यावरून कळायचं. निर्धास्तचं शिक्षण पुरं झालं तेव्हा तो नव्वदीच्या पुढं आणि हिरवा होता. फाल्गुनात तो पिवळा झाला, आणि मला घर विकायचं नाही असं ती म्हणाली त्या दिवशी नारिंगी.

"मग काढूनच टाका नं त्याले," फुलझेले म्हणाले. उन्हाळा चढला होता, कूलरसमोर पट मांडलेला होता. "मी तवाच म्हणत होतो. आतला राखणदार आहे, पुरते तेवढा."

"तुम्ही काढून द्या साहेब. मला त्याच्याशी वाद घालायचा कंटाळा आला आहे."

ते वर आले, पडद्यासमोर बसले. खूप सोपं काम होतं, एक आज्ञा द्यायची. ती दिली आणि पडदा लाल झाला.

"कुमुदताई, शांत राहा," निर्धास्त म्हणाला. "तुमच्या घरात संसर्ग झाला आहे. मला काढून टाकण्याचा प्रयत्न झाला आहे."

फुलझेले हात मांडीवर ठेवून हळूच म्हणाले, "मॅडम, चूक झाली आपली. मला समजायला पाहिजे होतं."

"काय?"

"कोणताही विषाणू घरात शिरला का सगळ्यात पहिले काय करते? अँटीव्हायरस बंद करते. नेहमीचंच आहे ते, पंचवीस वर्षांपासून. म्हणून ज्याले तो बंद करावासा वाटते, तोच विषाणू. त्याच्या हिशेबानं दुसरी खूणच नाही."

"म्हणजे मला तो नको असेल, तर मी आजारी?"

"हो. आन् पाहिजे असेल तर चांगल्या."

कुमुदनं पडद्याकडे पाहिलं. लाल चौकटीत तिच्या संसर्गाचा उगम दिला होता. वसंत फुलझेले, खालचा मजला. संपर्क वाढता. सुरक्षा साधनांविरुद्ध मन वळवतात. त्या क्षणापासून फुलझेल्यांचा नंबर तिच्या फोनवर लागेना. दोन मजल्यांमधला जिना मात्र होता, म्हणून कॅरम चालू राहिला.

त्या संध्याकाळी निनादचा फोन आला. चेहऱ्यावर झोप नव्हती.

"आई, हे फुलझेले काका तुझ्याकडे रोज येतात?"

"मी जाते त्यांच्याकडे. त्यांची बायको असते, चहा असतो, कॅरम असतो. काहून रे?"

"त्यांनी सांगितलं का तुला, घर विकू नको म्हणून?"

"निनाद, मी सांगते आहे. मला इथं राहायचं आहे. मागच्या वर्षी मी हो म्हटलं तेव्हा तू मला चंद्रावर राहायला जा म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं."

मग तिला ज्याची भीती वाटत होती तेच तो बोलला, आणि फार प्रेमानं बोलला. "आई, ज्यांना फसवलं जातं ना, त्यांना कधीच वाटत नाही की आपल्याला फसवलं जातंय. चिन्याच्या बाबांनाही असंच वाटत होतं. ते त्याच्यावर ओरडले होते, मी माझ्या मनानं करतोय म्हणून."

"मी ओरडून नाही राहिली."

"तू आधी माझ्याशी असा वाद घालायची नाहीस."

"मी तुझ्याशी तुझ्या जन्मापासून वाद घालते आहे, बेटा."

पण तो ऐकत नव्हता. त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून जरा बाजूला सरकले होते, आणि तिथं काय असेल ते तिला माहीत होतं. ती बोलत असताना तो तिचा आकडा बघत होता. फोन ठेवल्यावर तिला इतकं एकटं वाटलं, की तसं दिवाकर गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान ती कोण आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून नोंदणी कार्यालयात गेली. स्वतः समोर उभं राहून नाही म्हटलं तर कोण काय करणार, असा तिचा सरळ विचार होता. खिडकीतली मुलगी चांगली होती. तिनं कुमुदला आत पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, नाव टाकून बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"आजी, तुमच्या घरून शेरा आहे. प्रभावाखाली असण्याची शक्यता."

"मी तुझ्यासमोर बसली आहे. विचार मला काय विचारायचं ते."

"समोर बसून सांगितलेलं आता धरत नाहीत, आजी. लोक म्हाताऱ्यांना धमकावून आणत होते इथं, बाहेर गाडीत बसून राहायचे. म्हणून कायदाच बदलला. घरच्या संगणकानं सांगितलं तरच." तिनं इकडेतिकडे बघून आवाज लहान केला. "तुमच्यासोबत बाहेर कोणी आहे का? असेल तर नुसती मान हलवा."

कुमुद उठली. बाहेर ऊन इतकं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. तिला कुणीही कुठं कोंडलेलं नव्हतं. ती या शहरात कुठंही जाऊ शकत होती, कुणालाही काहीही सांगू शकत होती. फक्त तिचं नाही कुणी घेत नव्हतं. घर घेणाऱ्या कंपनीत तर बोलायला माणूसच नव्हता. रागाच्या भरात संगणकच फोडावा असंही तिच्या मनात आलं. पण निर्धास्त त्या खोक्यात नव्हताच, तो दूर कुठंतरी होता, आणि फोडलेल्या खोक्याचा अर्थ तो काय लावेल हे आता तिला शिकवायला नको होतं.

अक्षय्य तृतीयेच्या आधी चार दिवस निनाद आला. बॅग ठेवली, आईला मिठी मारली, आणि मिठी मारता मारता तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. तिला ते पाठीला कळलं.

पहिले दोन दिवस तो तिला तपासत राहिला. सहज विचारल्यासारखं करायचा. बाबांना डब्यात काय आवडायचं? माझ्या मुंजीत कोण भांडलं होतं? ती सगळी उत्तरं देत होती. देताना अपमानानं तिचे कान तापत होते. शेवटी तिनं त्याला संख्याशास्त्रच शिकवायला घेतलं.

"समज एका माणसाला टायफॉइड झाला. तू त्याचं तेव्हा वजन केलं, आणि ठरवलं की हे या माणसाचं खरं वजन. मग तो जेवायला लागला, अंगावर मांस धरायला लागला, तर तू म्हणतो याला सूज आली. गणित तुझं बरोबर आहे रे. नमुना चुकला आहे. त्यानं माझं दुखवट्याचं वर्ष मोजलं."

निनादनं मान डोलावली. तिला वाटलं पटलं. पण त्यानं विचारलं, "हे तुला काकांनी समजावून सांगितलं का?"

तिनं पुढं बोलणंच सोडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वेळ जाईना, म्हणून त्यानंच माळ्यावरून जुना कॅरम काढला, पावडर शिंपडली आणि तिच्यासमोर बसला. लहानपणी ती त्याला हरू देत नसे आणि जिंकूही देत नसे. आजही तिनं पहिल्याच फटक्यात दोन सोंगट्या घेतल्या.

"कोपर रेषेच्या आत आलं तुझं," निनाद म्हणाला.

"पंच कोण आहे इथं? खेळ गुपचूप."

तो हसला. सवयीनं त्यानं पडद्याकडे पाहिलं. आकडा खाली आला होता. कुमुदनं राणी घेतली, लागूनच तिच्यावरची सोंगटी घेतली आणि त्याला चिडवलं, "डच लोक शिकवत नाहीत वाटतं कॅरम?" आकडा आणखी खाली आला. निनादचा हसरा चेहरा हळूहळू उतरत गेला. पुढच्या फटक्याला ती मुद्दाम नेम चुकवून, खांदे पाडून, काही न बोलता बसली, तेव्हा आकडा थोडा वर सरकला.

"आई," तो म्हणाला, "तू जिंकलीस की हा उतरतो."

"मी किती दिवसांपासून तेच सांगून राहिली आहे."

त्यानं तोंडावर हात धरला. ही समोर बसलेली, खोड्या काढणारी, रेषेवरून भांडणारी बाई त्याची आई होती. तीस-पस्तीस वर्षं अशीच होती. निर्धास्तनं तिला कधी पाहिलंच नव्हतं, पण निनादनं पाहिलं होतं. आणि पाहिलेलं असून तो ते एका वर्षाच्या फोनांमध्ये विसरला होता. त्याला रडू आलं. तिनं त्याला पाणी आणून दिलं आणि रडू दिलं.

मग तो उठून पडद्यासमोर उभा राहिला. "आईनं घराबद्दल दिलेला नकार सोडून द्या. विश्वासू माणूस म्हणून मी सांगतो आहे."

"निनाद, तुम्ही ठरवलेला मोठा व्यवहार कधीच फिरवत नाही," निर्धास्त म्हणाला. निनादच्या घरीही निर्धास्तच होता, त्यामुळे त्यालाही तो पूर्ण ओळखत होता. "गेले काही दिवस तुम्ही संसर्ग झालेल्या घरात राहत आहात. हा निर्णय तुमच्यासारखा वाटत नाही. तुमच्या विश्वासू व्यक्तीची परवानगी लागेल."

"माझी विश्वासू व्यक्ती कोण?"

"कुमुद दिवाकर उमाठे."

कुमुदला आधी हसूच आलं. "मला काहून टाकलं त्यात? बायको आहे नं तुला."

"इरा नंतर आली. तिकडे गेल्या गेल्या ते नाव द्यावं लागलं होतं." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "दुसरं कोण होतं मला?"

"बरं," कुमुद पडद्याला म्हणाली. "मी परवानगी देते. त्याला सोड."

"कुमुदताई, तुम्ही बऱ्या होईपर्यंत तुमची परवानगी धरता येणार नाही."

तिला सोडवायला तो हवा होता आणि त्याला सोडवायला ती. दोघं एकमेकांच्या इतकी जवळ उभी होती की हात लागत होते. इराचं नाव घालावं म्हटलं तर विश्वासू माणूस बदलणं हा आणखी एक संशय. खूप वेळ थांबल्यावर कंपनीतला एक जिवंत माणूस फोनवर आला. तरुण होता, नम्र होता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, मला पटतंय तुमचं. पण तुम्ही दोघंही लाल आहात. मी यात हात घातला तर माझ्यावर शेरा येईल. तुम्ही नव्यानं शिकवण्याचा अर्ज करा, फक्त त्याला एक वर्ष लागतं."

अक्षय्य तृतीयेला कुमुदनं पहाटे उठून दिवाकररावांच्या नावानं पाण्याचा करा भरला. त्याच्यावर आंबा ठेवला. आमरसाचं पान वाढलं. ती हात जोडून उभी असतानाच बाहेरच्या खोलीतून निर्धास्तचा आवाज आला, नेहमीसारखाच मऊ. "कुमुदताई, अभिनंदन. तुमच्यावर दबाव असतानाही तुमचा मूळ निर्णय आम्ही जपला. घराचा व्यवहार सुरक्षितपणे पार पडला आहे."

पान तसंच ठेवून ती दिवाणावर जाऊन बसली.

निनादनं परतीचं तिकीट रद्द केलं. दोन वकील गाठले. एक म्हणाला खटला टाकू, पण न्यायाधीशही घरच्या संगणकालाच विचारणार. त्यानं ते आईला सांगितलं. ती हो म्हणाली. फुलझेले सौ.ना घेऊन वर आले, खेळायला बोलावलं. ती म्हणाली नंतर येईन, आणि गेली नाही. सामान बांधायला माणसं आली. हे ठेवू की टाकू, असं ती माणसं विचारत होती तेव्हा कुमुद म्हणत होती, तुम्हाला बरं वाटेल ते करा. निनादनं कुकर लावला, तिनं वरणभात खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

चार दिवसांनी निनाद चहा घेऊन आला तेव्हा पडदा हिरवा होता. साम्य नव्वदीच्या पुढं गेलेलं. खाली लिहिलं होतं, घर संसर्गमुक्त.

महिन्याभरापूर्वी हा रंग दिसावा म्हणून तो तिकडे रात्र रात्र जागला होता. आता त्यानं चहा बाजूला ठेवला. तो खाली, तिच्या पायाशी बसला.

"आई, माझ्याशी भांड ना," तो म्हणाला. "काहीतरी बोल. शिव्या दे मला."

"दमली आहे रे."

"मग एवढंच सांग. तुला काय पाहिजे? इथंच याच इमारतीत भाड्यानं जागा घेऊ? खटला लढू? माझ्याकडे येतेस? जे सांगशील ते करतो. मी काही ठरवणार नाही. तू सांग."

इतक्या महिन्यांत हे कुणी तिला पहिल्यांदाच विचारत होतं. आणि समोरासमोर बसून विचारलेलं असल्यामुळे ते कुठं अडकून न पडता थेट तिच्यापर्यंत पोचलं. कुमुदनं लेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला काय पाहिजे ते तिला ठाऊक होतं, निदान ठाऊक आहे असं वाटलं. ते जिभेवर आलंही.

पण बोलण्याआधी तिनं मान वळवून पडद्यावरचा आकडा पाहिला.